राजकीय हेतूने केलेला रक्तपात व शिक्षेचे माप

राजकीय हेतूने जो मनुष्य दुसऱ्याचा जीव घेतो त्यास कडक कारावास द्यावा किंवा नाही, आणि द्यावा तर किती, हा प्रश्न प्रथमदर्शनी न्यायाधीशांचा व वकिलांचा दिसतो. खेड्यातील मंडळीस त्याच्याशी काय कर्तव्य आहे, असे कोणी विचारील. परंतु चावडीवर जेथे वर्तमानपत्र वाचले जाते तेथे ह्या प्रश्नावर मते देणारे पुष्कळ असतात, आणि ती मते बहुधा दोन प्रकारची असतात. आपल्या पक्षाच्या मनुष्याने हत्या केली तर ‘त्याने स्वार्थासाठी थोडेच केले?’ असे म्हणून लोक त्याची शिक्षा हलकी करू पाहतात; तीच हत्या दुसऱ्या पक्षाच्या मनुष्याने केली तर ‘अशांस चौकात फाशी द्यावी, खटला कशाला?’ असे म्हणतात. ही दोन्ही वाक्ये एकाच तोंडातून निघू शकतात, आणि निघतातही. आमच्या मंडळ्यांतील पुष्कळ घरांचे मुलगे पोटासाठी मुंबईस परळ, लालबाग, दादर ह्या भागांत राहत आले आहेत. तेथे जे बोलले जाते ते सणासुदीस गावी येऊन पोहोचते. म्हणून प्रचारक बंधूंनी हा विषय नीट समजून घ्यावा, ह्या हेतूने आम्ही हा पाठ मुंबई शहरात घडलेल्या खऱ्या प्रकरणांवरून मांडीत आहो.

१. काय घडले

तारीख ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येतील बाबरी मशीद पाडण्यात आली. त्यानंतर डिसेंबरात व पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली झाल्या. न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने १९९८ साली अहवाल दिला, त्यात मृतांची संख्या ९०० दिली आहे. त्यांपैकी ५७५ मुसलमान, २७५ हिंदू, ५ इतर, आणि ४५ जण कोण होते ते समजू शकले नाही.

ह्या दंगलींचा सूड घेण्याच्या हेतूने काही मनुष्यांनी कट केला. कोकणच्या किनाऱ्यावर, रायगड जिल्ह्यात दिघी व शेखाडी येथे, रात्रीच्या वेळी बोटींतून शस्त्रे व आरडीएक्स नावाचे भयंकर स्फोटक द्रव्य उतरविण्यात आले. नंतर १२ मार्च १९९३ रोजी, शुक्रवारी, दुपारी दीड वाजल्यापासून सुमारे दोन तासांत मुंबईत ठिकठिकाणी स्फोट झाले. पहिला स्फोट शेअर बाजाराच्या इमारतीत झाला. एअर इंडियाची इमारत, झवेरी बाजार, वरळीचे सेंच्युरी बाजार, दादरचे प्लाझा सिनेमागृह, तेथीलच शिवसेना भवनाजवळचा पेट्रोल पंप ही आणखी काही ठिकाणे होत. २५७ माणसे मेली व ७०० हून अधिक जखमी झाली. मेलेल्यांत हिंदू होते, मुसलमान होते, पारशी होते, ख्रिस्ती होते. कोणी कचेरीत बसले होते, कोणी रस्त्याने चालले होते, कोणी बसमध्ये होते. ह्यांतील कोणी मशीद पाडली होती किंवा दंगल केली होती, असे बाँब ठेवणाऱ्यांनी विचारले नव्हते. बाँबला विचारता येतही नाही.

२. खटला कसा चालला

सात रस्त्याजवळील आर्थर रोड तुरुंगाच्या आवारातच विशेष न्यायालय बसविण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये आरोपपत्र दाखल झाले, १९९५ साली साक्षी सुरू झाल्या, सप्टेंबर २००६ मध्ये न्यायाधीश प्रमोद कोदे निकाल सांगू लागले, आणि जुलै २००७ मध्ये शिक्षा सांगण्याचे काम संपले. १२३ आरोपींपैकी १०० जण दोषी ठरले व २३ जण सुटले. दोषी ठरलेल्यांपैकी १२ जणांस फाशीची व २० जणांस जन्मठेपेची शिक्षा झाली. बाकीच्यांस निरनिराळ्या मुदतीचा कारावास झाला.

पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयाकडे गेले. तारीख २१ मार्च २०१३ रोजी त्या न्यायालयाने याकूब मेमन याची फाशी कायम केली आणि दहा जणांची फाशी रद्द करून त्यांस मरेपर्यंत कारावास दिला. ह्याचे कारण सांगताना न्यायमूर्तींनी धनुर्धर व बाण यांचा दाखला घेतला. ज्यांनी कट रचला, पैसा पुरविला व माणसे निवडली ते धनुर्धर. ज्यांनी सांगितल्याप्रमाणे बाँब नेऊन ठेवले ते त्यांच्या हातातील बाण. याकूबला ३० जुलै २०१५ रोजी नागपूरच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याच्या शेवटच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने त्याच दिवशी पहाटेपूर्वी बसून सुनावणी केली होती. मुख्य धनुर्धर ठरविलेले दाऊद इब्राहिम व टायगर मेमन हे मात्र अद्याप कोणत्याही भारतीय न्यायालयापुढे उभे राहिलेले नाहीत.

इतकी हकीकत ध्यानात ठेवून आता आपण तिच्यातून निघणारे प्रश्न एकेक घेऊ.

३. हेतू मोठा म्हणून अपराध लहान होतो काय?

आमचे उत्तर ‘नाही’ असे आहे. चोर पैशासाठी मारतो व पक्षाभिमानी मनुष्य विचारासाठी मारतो, म्हणून दुसरा पहिल्याहून श्रेष्ठ, असे मानण्याचा मोह सुशिक्षितांसही होतो. परंतु वरळीस बसमध्ये जळून मेलेल्या मनुष्याच्या विधवेस मारणाऱ्याच्या हेतूने कोणता दिलासा मिळाला? जो सूड म्हणून निरपराध्यास मारतो तो अन्यायाचे निवारण करीत नाही. एका घरचे दुःख उचलून दुसऱ्या घरी नेऊन ठेवितो, एवढेच.

मार्ककृत शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय उघडून पाहावा. तेथे बरब्बा म्हणून एक बंदिवान आहे. तो साधा चोर नव्हता. बंडात ज्यांनी खून केला होता त्यांच्याबरोबर तो बंधनात पडला होता. म्हणजे आज ज्यास आपण राजकीय गुन्हेगार म्हणू तोच तो होता. लोकसमुदायाने त्यास सोडा म्हणून ओरड केली. त्या ओरडण्याने बरब्बाने केलेला अपराध धुऊन निघाला नाही. एवढेच सिद्ध झाले की, जमाव मागतो तोच न्याय, असे नसते. आजही तुरुंगातून सुटणाऱ्या मारेकऱ्याच्या गळ्यात हार घालणारे लोक आपणांस दिसतात. त्या हारांनी मृताच्या घरचा दिवा पुन्हा लागत नाही.

म्हणून ज्याने जाणूनबुजून माणसे मारली त्यास दीर्घ कारावास योग्य आहे, मग त्याने तोंडाने देशाचे नाव घेतले असो, धर्माचे घेतले असो, की मजुरांच्या राज्याचे घेतले असो. लालबागमध्ये ५ जून १९७० च्या रात्री कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. गिरणगावात तेव्हा लाल बावटा व शिवसेना यांची मोठी चुरस चालू होती. रिकाम्या झालेल्या जागेसाठी त्याच वर्षी पोटनिवडणूक झाली. तीत देसाई यांच्या पत्नी सरोजिनीबाई उभ्या राहिल्या व पराभूत झाल्या, आणि शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. मते कोणी कोणास द्यावी हा मतदारांचा अधिकार आहे. परंतु एवढे खरे की, खुनाने एका मतदारसंघाने निवडलेला प्रतिनिधी मतपेटीवाचून काढून टाकला. साध्या खुनात एक जीव जातो. राजकीय खुनात जीवाबरोबर हजारो लोकांचा निवडीचा हक्कही लुटला जातो. ह्या दृष्टीने पाहता राजकीय हेतू हा अपराध हलका करणारा नाही, हे उघड आहे.

४. सर्वांस एकच शिक्षा असावी काय?

येथेही आमचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि येथे दुसऱ्या प्रकारच्या मत देणाऱ्यांनी कान द्यावा. बाँबस्फोटाच्या खटल्यात कोणकोण होते ते पाहा. कट रचणारे होते. बाँब ठेवणारे होते. बोटींतील माल उतरवून घेणारे होते. पैसे घेऊन डोळेझाक करणारे कस्टम खात्याचे अधिकारी व पोलीस होते. आणि ज्यांनी घरी शस्त्र बाळगले एवढेच होते. प्रसिद्ध नट संजय दत्त यास कटाच्या आरोपातून न्यायालयाने सोडले, परंतु बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरविले. त्याची सहा वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षे केली, व ती भोगून तो २०१६ साली बाहेर आला.

ह्या सर्वांस एका मापाने मोजले असते तर तो न्याय नव्हे, राग झाला असता. मोशेच्या नियमशास्त्रातही, गणना ह्या पुस्तकाच्या पस्तिसाव्या अध्यायात, वैर धरून मारणारा व हातून नकळत मारला गेलेला ह्यांत भेद केला आहे, आणि एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून कोणास मरणदंड देऊ नये असे ठरविले आहे. कृत्य पाहावे, त्यातील ज्याचा त्याचा वाटा पाहावा, आणि मग माप घालावे, हा जुना मार्ग आहे.

किनाऱ्यावरील गावांच्या मंडळ्यांनी येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावी. जे पोलीस व अधिकारी पैसे घेऊन गप्प बसले त्यांस मुंबईत माणसे मारावयाची होती असे नव्हे. त्यांस लाच हवी होती. परंतु त्यांनी जी वाट मोकळी सोडली तीवरूनच मरण शहरात आले. रात्री कोणाचे ओझे उतरते हे न विचारता मजुरी किंवा चिरीमिरी घेणे, ही लहान गोष्ट नव्हे.

५. ज्याने केले त्यासच शिक्षा

तारीख ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली, तेव्हा मारेकरी ब्राह्मण होता एवढ्यावरून सातारा, सांगली, कोल्हापूर ह्या बाजूंस शेकडो ब्राह्मणांची घरे जाळण्यात आली. दादरला शिवाजी पार्कजवळ विनायकराव सावरकर यांचे बंधू डॉ. नारायणराव यांस जमावाने दगडांनी घायाळ केले, आणि पुढच्या वर्षी ते वारले. ज्या महात्म्याने अहिंसा शिकविली त्याच्या नावाने हे झाले! उलट गांधीजींचे पुत्र मणिलाल व रामदास यांनी मारेकऱ्यांस फाशी देऊ नये अशी विनंती सरकारास केली होती. सरकारने ती मानली नाही. नथुराम गोडसे व नारायण आपटे यांस १५ नोव्हेंबर १९४९ रोजी अंबाला येथे फाशी झाली. परंतु ज्यांचा पिता गेला त्यांनी दया मागावी आणि ज्यांचे काहीच गेले नव्हते त्यांनी शेजाऱ्याचे घर जाळावे, ह्यांतील भेद प्रत्येकाने आपल्या मनाशी तोलून पाहावा.

यहेज्केल संदेष्ट्याच्या अठराव्या अध्यायात हेच शिकविले आहे की, पित्याचा दोष पुत्रावर व पुत्राचा दोष पित्यावर येत नाही. मग एका जातीतील किंवा धर्मातील दोघाचौघांचा दोष सर्व जातीवर व सर्व मोहल्ल्यावर कसा येईल? १९९३ सालानंतर कित्येक निरपराध मुसलमान कुटुंबांस केवळ नावावरून संशयाने पाहिले गेले. जेथे न्यायालय नीट शिक्षा देते तेथे हा संशय कमी होतो, कारण दोष कोणाचा हे नावनिशीवार ठरते. कडक शिक्षेचा हा एक खरा उपयोग होय: ती दोषी मनुष्यास त्याच्या जातीपासून वेगळा काढून दाखविते.

६. फार कडक शिक्षेने काय होते?

ह्याविषयी मुंबईच्या उच्च न्यायालयाचाच इतिहास पाहावा. १९०८ च्या एप्रिलात मुजफ्फरपूर येथे बाँब टाकला गेला व केनेडी नावाच्या दोन निरपराध स्त्रिया, मायलेकी, मेल्या. त्या प्रसंगावर ‘केसरी’त आलेल्या लेखांवरून बाळ गंगाधर टिळक यांजवर राजद्रोहाचा खटला झाला. न्यायमूर्ती दावर यांनी २२ जुलै १९०८ रोजी त्यांस सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. ती त्यांनी मंडालेस भोगली. टिळकांनी बाँब टाकला नव्हता. त्यांनी लिहिले होते. शिक्षा ऐकून गिरणगावातील कामगारांनी एका वर्षास एक दिवस ह्या हिशेबाने सहा दिवस गिरण्या बंद पाडल्या, आणि गोळीबारात माणसे मेली. सरकारास भय उत्पन्न करावयाचे होते. उत्पन्न झाला तो संताप. १९५६ साली त्याच न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती छगला यांनी टिळकांच्या उद्गारांची शिला बसविली. शिक्षा देणारे न्यायालयच शिक्षा भोगणाऱ्याचा सन्मान करू लागले.

दुसरे उदाहरण नाशिकचे. तारीख २१ डिसेंबर १९०९ रोजी कलेक्टर जॅक्सन यांस विजयानंद नाटकगृहात अनंत कान्हेरे याने गोळ्या घातल्या. जॅक्सन संस्कृताचे जाणकार होते, व त्यांच्याच निरोपानिमित्त ‘शारदा’ नाटकाचा प्रयोग होता. कान्हेरे, कर्वे व देशपांडे ह्या तिघांस १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. कान्हेरे अवघा अठरा वर्षांचा होता. पिस्तुले लंडनहून पाठविणारे विनायकराव सावरकर यांस डिसेंबर १९१० व जानेवारी १९११ मध्ये दोन जन्मठेपी, म्हणजे एकूण पन्नास वर्षे, सांगण्यात आल्या. त्यांस अंदमानास नेले. प्रत्यक्षात १९२४ साली त्यांस अटी घालून सोडले, १९३७ साली अटीही उठल्या, आणि पुढे ते दादरला येऊन राहिले.

ह्या दोन्हींवरून आम्हांस असे दिसते की, शिक्षा जेव्हा कृत्याच्या मापाबाहेर जाते, किंवा ती देणारी सत्ता लोकांस आपली वाटत नाही, तेव्हा लोक कृत्य विसरतात व शिक्षाच आठवतात. जॅक्सन कोण होते हे आज किती जण सांगतील? केनेडी मायलेकींची नावे तर बहुतेकांनी ऐकलेलीच नसतील. अपराध्याचा हुतात्मा बनविण्याचा सर्वांत सोपा उपाय म्हणजे त्यास मापाबाहेर शिक्षा देणे.

७. कडकपणा एका बाजूसच असला तर?

हा आमच्या पाठाचा मुख्य भाग आहे. बाँबस्फोटांबद्दल शंभर जण दोषी ठरले. त्याआधी दोन महिन्यांच्या दंगलींत ९०० माणसे मेली, त्यांबद्दल किती जणांस शिक्षा झाली? फारच थोड्यांस. चिथावणी दिल्याबद्दल माजी खासदार मधुकर सरपोतदार यांस २००८ साली एक वर्षाची शिक्षा झाली. गुन्हा घडून तेव्हा पंधरा वर्षे लोटली होती. ‘सामना’तील लेखांबद्दल बाळ ठाकरे यांजवर भरलेला खटला २००० साली मुदत टळली ह्या कारणावरून निकालात निघाला. नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे जवळजवळ तीस वर्षांनी, सर्वोच्च न्यायालयास असे सांगावे लागले की, त्या काळी लोकांचे रक्षण करण्यात राज्य कमी पडले, आणि थंड पडलेले खटले पुन्हा हाती घ्यावेत व मृतांच्या व बेपत्ता माणसांच्या कुटुंबांस भरपाई द्यावी.

श्रीकृष्ण आयोगाने दंगली व बाँबस्फोट यांचा कार्यकारणसंबंध दाखविला आहे. आता विचार करा. ज्याचा भाऊ जानेवारीत मारला गेला व त्याच्या मारेकऱ्यास कोणी हात लावला नाही, त्यास मार्चच्या अपराध्यांस झालेली फाशी न्याय वाटेल की एका पक्षाचा विजय वाटेल? ह्यावरून मार्चच्या अपराध्यांस हलकी शिक्षा द्यावयास हवी होती असे आम्ही म्हणत नाही. एकाचा अपराध सुटला म्हणून दुसऱ्याचा सोडावा, हे तर्कशास्त्र चोरांचे आहे. आम्ही म्हणतो ते इतकेच की, दोन्हींस एकच तराजू हवा होता. खोट्या मापाचा तराजू वापरणाऱ्या दुकानदारास आपण बाजारात नावे ठेवतो. न्यायाच्या दुकानी तोच तराजू असला तर दोष कमी कसा होईल? एका बाजूस पन्नास शिक्षा व दुसऱ्या बाजूस शून्य, ह्यापेक्षा दोन्ही बाजूंस खात्रीची, मध्यम व लवकर होणारी शिक्षा समाजास अधिक शांत ठेवील, असे आम्हांस वाटते.

८. घाईचा कायदा व लांबलेला खटला

बाँबस्फोटाचा खटला टाडा नावाच्या कायद्याखाली चालला. हा १९८५ साली प्रथम आला, १९८७ साली नव्याने झाला, आणि १९९५ साली त्याची मुदत वाढविली गेली नाही म्हणून संपला. साध्या कायद्यात पोलिसापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा होत नाही, कारण मार देऊन तो काढता येतो. टाडाने वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यापुढील कबुलीजबाब पुरावा म्हणून मान्य केला व जामीन अतिशय अवघड केला. देशभर हजारो लोक त्याखाली धरले गेले व त्यांपैकी फार थोड्यांवर दोष शाबीत झाला. म्हणूनच तो मावळला.

जेथे शिक्षा अत्यंत कडक आहे तेथे पुरावा अत्यंत चोख हवा; कायद्याने उलट केले, की शिक्षा वाढविली आणि पुराव्याची चाळणी मोठ्या भोकांची केली. शिवाय स्फोटापासून शिक्षा सांगेपर्यंत चौदा वर्षे गेली. जे २३ जण शेवटी सुटले त्यांच्या कपाळी इतकी वर्षे तो आरोप होता, आणि मृतांच्या नातेवाइकांसही तितकीच वर्षे वाट पाहावी लागली. उशीर हीच एक शिक्षा आहे, आणि ती दोषी व निर्दोषी दोघांवर सारखीच पडते.

९. जन्मठेप म्हणजे किती?

गावोगाव असा समज आहे की, जन्मठेप म्हणजे चौदा वर्षे. हा समज चुकीचा आहे. गांधीवध प्रकरणातील बंदी गोपाळ गोडसे याने आपली मुदत भरली असे म्हणून अर्ज केला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६१ साली स्पष्ट सांगितले की, जन्मठेप म्हणजे उरलेले सर्व आयुष्य. सूट देणे हे सरकारच्या हाती आहे. चौदा वर्षांचा आकडा १९७८ च्या दुरुस्तीने आला, आणि त्याचा अर्थ उलट आहे: ज्या अपराधास फाशीही होऊ शकली असती त्यातील जन्मठेपीच्या कैद्यास चौदा वर्षे पुरी झाल्यावाचून सोडू नये. गोपाळ गोडसे यास सरकारने १९६४ साली सोडले. बाहेर त्याचा सत्कार झाला व गदारोळ उठला, तेव्हा त्यास पुन्हा स्थानबद्ध करून १९६५ साली सोडण्यात आले.

अबू सालेम याची गोष्ट निराळी. तो पोर्तुगालमध्ये सापडला. त्यास फाशी देणार नाही व पंचवीस वर्षांहून अधिक ठेवणार नाही असे वचन भारत सरकारने त्या देशास दिले, तेव्हा २००५ साली तो हाती आला. २०१७ साली त्यास जन्मठेप झाली. परंतु २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, दिलेले वचन सरकारने पाळले पाहिजे. शत्रूस दिलेला शब्दही पाळावा लागतो, हे त्यावरून शिकावे.

मरेपर्यंत सुटकेची आशाच नसावी, हे आम्हांस योग्य वाटत नाही. वीस वर्षांचा असताना बाँब ठेवणारा व साठ वर्षांचा म्हातारा कैदी, ही देहाने एक असली तरी मनाने एकच असतील असे नाही. पश्चात्ताप झाला की नाही हे दीर्घ काळानंतर, मृतांच्या कुटुंबांचे म्हणणेही ऐकून, शांतपणे तपासण्याची सोय असावी. सुटका हा त्याचा हक्क नव्हे. पण आपली तपासणी एक दिवस होईल ही आशा त्यास असावी. आणि सुटणाऱ्याच्या गळ्यात हार नसावेत. दया ही बंद दाराआड शोभते; तिची मिरवणूक काढली की ती मृतांचा अपमान होते.

१०. सारांश

आमचे मत येणेप्रमाणे आहे. राजकीय हेतूने रक्त सांडणाऱ्यास दीर्घ कारावास योग्य आहे. हेतूमुळे तो कमी होऊ नये. परंतु शिक्षेचे माप ज्याच्या त्याच्या कृत्याने ठरावे; सत्तेच्या भयाने, जमावाच्या रागाने किंवा पक्षाच्या लाभाने ठरू नये. आणि ज्या शिक्षेस दोन तराजू आहेत ती कितीही कडक असली तरी तिने रक्तपात थांबत नाही. ती पुढच्या सुडाचे बीज होते.

प्रचारक बंधूंनी व शिक्षकांनी आपल्या गावी तीन गोष्टी कराव्यात. चावडीवर कोणाच्या हत्येची वार्ता आली असता प्रथम मृताचे नाव विचारावे, मारणाऱ्याचा पक्ष नव्हे. तरुणांस कोणी पुढारी रात्रीच्या कामास बोलावील तर धनुर्धर व बाण यांची गोष्ट त्यांस सांगावी: बाँब ठेवणारे तुरुंगात म्हातारे झाले, पाठविणारे मात्र समुद्रापलीकडे राहिले. आणि दुसऱ्या धर्माच्या शेजाऱ्यावर केवळ त्याच्या नावामुळे संशय आला, तर मंडळीने त्याच्या दारी जाऊन उभे राहावे.

चर्चेसाठी प्रश्न

(१) बरब्बाचा अपराध कोणत्या प्रकारचा होता? लोकांनी त्याची सुटका का मागितली असेल?

(२) लाच घेऊन गप्प बसणारा पोलीस व बाँब ठेवणारा मनुष्य यांची शिक्षा सारखी असावी काय? आपले कारण सांगा.

(३) टिळकांस व सावरकरांस झालेल्या शिक्षांत कोणता भेद व कोणते साम्य दिसते?

(४) दंगलीतील मारेकरी सुटला व स्फोटातील मारेकऱ्यास शिक्षा झाली, तर दोन्हीकडच्या मृतांच्या घरी काय वाटेल?

(५) आपल्याच पक्षाच्या किंवा जातीच्या मनुष्याने असे कृत्य केले, तर त्यास किती शिक्षा असावी असे आपण म्हणू? हे उत्तर प्रथम लिहून ठेवावे, आणि मग प्रश्न दोन पुन्हा वाचावा.